चौथा रिपोर्ट

“पॉझिटिव्ह लिहून द्या ना, भावजी. एकदाच.”

सुनंदा हे खाली बघत म्हणाली. उज्जैनच्या देवास गेटजवळच्या त्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये दुपारचं कोणी नव्हतं, तरी तिचा आवाज दबलेला होता. श्रीधर लॅबचा टेक्निशियन. तिच्या नवऱ्याचा, वसंतचा, शाळेपासूनचा मित्र.

“खोटा रिपोर्ट, वहिनी?” त्याचे कान तापले.

नाव: सौ. सुनंदा वसंत करकरे. वय: ३४.
चाचणी: संधिवाताचा आरए फॅक्टर.
निष्कर्ष: निगेटिव्ह. निगेटिव्ह. निगेटिव्ह.

दीड वर्षात तीन रिपोर्ट. लॅबच्या नव्या कम्प्यूटरवर छापलेले, म्हणून घरात त्यांना जरा जास्तच मान.

तक्रार: हा रकाना रिपोर्टात नसतो. असता तर लिहावं लागलं असतं की सकाळी तिला वेणी घालता येत नाही, कुकरचं झाकण लावता येत नाही, आणि सासूबाई शेजारणींना सांगतात, “पापड लाटायचे असले की बरोब्बर बोटं सुजतात हिची.”

“आमचे हे काय म्हणतात माहितेय?” सुनंदा म्हणाली. “‘श्रीधर खोटं लिहिणारा माणूस नाही. मशीन भी झूठ नहीं बोलती. मग खोटं कोण बोलतंय?’ मंगळवारी मला इंदूरला डोक्याच्या डॉक्टरकडे नेणार आहेत. नंबर लावलाय. अख्ख्या कॉलनीला कळलंय.”

तिने पदराखालून हात काढले. बोटं करंगळीच्या बाजूला झुकली होती. श्रीधरने पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

“लाज वाटते हो, तुम्हाला असलं काम सांगताना. पण वेडी ठरण्यापेक्षा आजारी ठरलेलं बरं.”

श्रीधरने सिरिंज काढली.

“रक्त तर द्यावं लागेल.”

“रजिस्टरसाठी?”

“हो. रजिस्टरसाठी.”

नमुना: रक्त, ३ मि.ली.

तो आतल्या खोलीत गेला. ती बाकावर बसून राहिली. अर्धा तास झाला. पाऊण तास.

“आज इतका उशीर?” तिने दारातून विचारलं. “मागच्या वेळी तर चहा संपायच्या आत रिपोर्ट हातात होता.”

“लाइट गेली होती.”

तिने वर पाहिलं. पंखा फिरत होता. ती पुन्हा बसली.

तो बाहेर आला तेव्हा कागद हातात होता.

निष्कर्ष: पॉझिटिव्ह.

सुनंदाने तो शब्द दोनदा वाचला आणि तिला रडू फुटलं. “माझ्यापायी तुम्हाला खोटं लिहावं लागलं. महाकालला जाऊन तुमच्या वाटची माफी मीच मागेन.”

“आजच डॉक्टरला दाखवा. औषधं लगेच सुरू करायला हवीत.”

“अहो, पण हा रिपोर्ट तर…”

“तरी दाखवा, वहिनी.”

ती जिना उतरून गेली. श्रीधर आत आला. काळ्या टाइलवरच्या तिच्या थेंबात पांढरे दाणे स्पष्ट धरले होते, म्हणजे खरंच पॉझिटिव्ह. रक्त साकळून सीरम वेगळं व्हायलाच काय तो वेळ गेला; चाचणीला दोन मिनिटंसुद्धा लागली नव्हती. याआधी तिन्ही वेळा तिचं रक्त त्याने न तपासताच बेसिनमध्ये ओतलं होतं.