चपलांपाशी

मालनकाकूंनी दवाखान्यात फक्त गुडघा दाखवला. नव्या रीतीप्रमाणे रोगी म्हणेल तेवढंच यंत्र-डॉक्टरने तपासायचं, आणि काकूंना तर रविवारी भाचीच्या हळदीला जायचं होतं. छातीचं नाव काढलं की हा आपल्याला इथेच ठेवून घेणार, हे त्या ओळखून होत्या.

"आणखी काही, काकू?"

"कुठलं काय. ठणठणीत आहे मी."

बाहेर चपला घालताना मात्र त्या शेजारच्या पारूबाईंना हळूच म्हणाल्या, "घागर उचलली की छातीवर पाटा ठेवल्यासारखं होतं गं. कुणाला बोलू नकोस."

"काकू," चपलांच्या फळीतून तोच आवाज आला, "जरा बसता का?"

काकू चपापल्या. माणूस खरं दुखणं चपला घालतानाच सांगतो, तेव्हा यंत्राचा एक कान तिथेही हवा, असा ठराव रोग्यांच्याच सभेत झाला होता. ठरावाला पहिला हात काकूंनीच वर केला होता, कारण काका डॉक्टरला निम्म्याच बिड्या सांगत.

"ते मी ह्यांच्यासाठी म्हटलं होतं," काकू पुटपुटल्या.

"तुम्ही म्हणाल तरच तपासतो."

पारूबाईंनी काकूंच्या चपला उचलून स्वतःच्या पिशवीत टाकल्या.

"तपास बाबा. पण माझ्या हळदीचं बघ."

यंत्राने तपासलं. "हृदयाची एक शीर अरुंद झालीय. वेळेवर कळलं. आज औषध सुरू करू, रविवारी हळदीला जा. घागर मात्र यापुढे काकांनी उचलायची."

काकूंचा चेहरा खुलला. "एवढं शेवटचं वाक्य," त्या ऐसपैस बसत म्हणाल्या, "हे मला न्यायला आले की जरा मोठ्याने सांग."