मापाचा फोटो

तळोद्याच्या वाचनालयात भुरीबाईंनी मोबाईल पुढे केला आणि नातवाचा फोटो कागदावर मागितला. लेक ऊसतोडीला गुजरातेत गेलेली. बाळ तिकडे फडावरच जन्मलं, होळीशिवाय कोणी परतणार नव्हतं. ग्रंथपाल सुषमानं कौतुकानं बाळाचा चेहरा पानभर छापला. भुरीबाईंनी कागद परत सरकवला. "पोऱ्यानं इतलं मोठं डोकं राहस का, माय? मन्हा हातमा मावी तितलंच काढ." गावातली बाळंतपणं त्यांच्याच हातची. त्यांनी टेबलावर तळवा उताणा ठेवला, बोटं जराशी मिटली. सुषमानं तिथे पट्टी लावली आणि मापाची दुसरी प्रिंट काढली. भुरीबाईंनी कागदाखाली तळवा धरून पाहिला, मान डोलावली. सुषमा लिफाफ्यासाठी घडी घालू लागली, तर त्यांनी तिचा हात धरला. "मोडू नको. जीपमा मांडीवर ठेईसन लई जासू." सुषमानं कागद सरळ केला. देताना तिचा हात आपोआप बाळाच्या मानेखाली गेला.