जावईबापूंचं डायट

जावईबापूंनी पुरणाचे धोंडे ताटाच्या कडेला सारले, भात बाजूला लोटला आणि वाटीतलं तूप तेवढं चमच्यानं पिऊन टाकलं. सासू साळुबाईंच्या हातातली पळी तशीच राहिली. अधिक महिन्यात लेकजावयाला महाळुंग्यात बोलावून हौसेनं धोंडे करावेत, आणि जावयानं नुसतं तूप प्यावं?

भरतच्या डायटचा तो आठवा दिवस होता. चाकणची कंपनी सुटली की तो जिममध्ये जायचा. तिथल्या मास्तरानं बजावलं होतं, पहिले दोन आठवडे चपाती, भात, साखर, फळं बंद. अंडी, चिकन, पनीर, तूप खा. डोकं ठणकेल, चिडचिड होईल, तोंडाला वास येईल, सोसायचं. आठवड्यात चार किलो उतरले. त्यातलं बहुतेक पाणीच असतं, हेही मास्तर म्हणाला होता, पण भरतनं तेवढं ऐकलं नव्हतं. चार किलोंची बातमी त्यानं कंपनीच्या वॉचमनपर्यंत पोचवली होती.

आत्ता मात्र डोकं ठणकत होतं आणि तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं होतं.

"पावणं रुसल्यात," चुलत सासरे गेणभाऊ कुजबुजले. रुसव्यांतले ते जाणकार. स्वतःच्या लग्नात दोनदा रुसले होते.

"जावईबापू, अंगठी करतो तुमाला," सासरे चिमाजी म्हणाले.

भरतनं कपाळ चोळलं. अंगठी कमी पडली, असा सगळ्यांनी अर्थ काढला.

"बरं, मोटारसायकल घ्या. गाय विकतो. पर दोन घास खा, राव."

हे बोलताना चिमाजींना काय वाटलं असेल, त्यांचं त्यांनाच ठाऊक. दारात एकच गाय होती आणि घर तिच्याच दुधावर चालायचं.

भरतच्या बायकोला, अक्षदाला राहवेना. "आबा, ते रुसलं न्हाईत! पोट कमी करायला डायट करत्यात. सकाळी सहा अंडी खाऊन आल्यात."

"अधिकात अंडी?" चिमाजींनी कानांना हात लावला. "नवऱ्याला सावरायला काय बी सांगतीया पोर."

सगळे भरतकडे बघू लागले. त्यानं नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी भागत होतं. अक्षदा डोळ्यांनी विनवत होती. भरतनं ठणकतं डोकं वर केलं, दारातून गोठ्याकडे पाहिलं आणि विचारलं,

"सेल्फ स्टार्टवाली मिळंल का?"

घरानं सुटकेचा निःश्वास सोडला. मग सासऱ्यांचा मान राखायला भरतनं एक धोंडा खाल्ला. मग आणखी अकरा.

आठवडाभरात त्याचे चारही किलो परत आले. गाय तेवढी आली नाही.