पायातला गोळा

"अगं ए पोरी, धाव! पायात गोळा आला!"

जीवरक्षक मुलगी उंच खुर्चीवरून धडपडत उतरली आणि तलावाच्या काठाशी पळाली. आजी काठाचा लोखंडी दांडा घट्ट धरून कण्हत होत्या. तिने त्यांना वर काढलं, सावलीतल्या बाकावर बसवलं आणि पोटरी चोळायला घेतली.

"काल हेच, परवा हेच. भर दुपारी कशाला येता हो पोहायला? सकाळी या की!"

"सकाळी गर्दी असते, बाई." आजींनी पिशवीतून मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली काढली. "आधी तू पी. बिघडलं असेल तर माझ्या पोटाला झेपायचं नाही."

"म्हणजे मी मेले तरी चालेल?" मुलगी हसली आणि घटाघटा प्यायली. गोळाही असा चिवट, की बराच वेळ हलायचं नाव घेत नसे.

मॅनेजर वैतागला होता. गेल्या उन्हाळ्यात आधीचा जीवरक्षक ऊन लागून त्याच खुर्चीवरून कोसळला होता, तो पुन्हा कामावर आलाच नाही. खुर्चीवरची मोडकी छत्री अजून कोपऱ्यात पडून होती. नियम तेवढा शाबूत होता: कोणी मदतीला हाक मारल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. मग दुपारी तलावावर चिटपाखरू नसलं तरी बेहत्तर.

"म्हातारीचा पास रद्द करतो," तो म्हणाला. "बुडली तर माझ्या अंगाशी यायचं."

"नाही बुडणार. मी डोळ्यांत तेल घालून बघते." मुलगी हट्टालाच पेटली. आजींना धड पोहता येत नव्हतं, दांडा सोडायची हिंमत नव्हती, तरी त्या रोज यायच्या. अशा बाईला हाकलायचं? तिचा आजींवर जीव जडला होता. "त्यांना काही झालं तर मला काढून टाका."

"बघ हं. शब्द लक्षात ठेवीन."

सुटीच्या दिवशी तिला घरी चैन पडेना. बदलीवर नवखा गडी येणार होता, त्याला आजींचं काय ठाऊक? ती अर्ध्या जेवणावरून उठली आणि तडक तलावावर आली.

दारातच ती थबकली. खुर्ची रिकामी होती, बदलीवाला अजून कपडे बदलत होता. आणि पाण्यात कोणीतरी या टोकापासून त्या टोकापर्यंत सपासप हात मारत होतं. भिंतीला पाय टेकवून गर्रकन वळायचं, की पुन्हा सुसाट. वा गं बाई, तिला वाटलं, ही कोण?

तेवढ्यात बदलीवाला आला आणि तापलेल्या खुर्चीवर चढून बसला. पोहणारी लगेच काठाशी आली आणि दांडा धरून डुंबत राहिली. तिची नजर खुर्चीवरून हलत नव्हती. हळूहळू त्या गड्याचा चेहरा लालबुंद झाला. तो डोळे मिटून घाम पुसायला लागला.

"अरे ए पोरा, धाव!" आजी ओरडल्या. "पायात गोळा आला!"