शेतीच्या कपाटातली लावणी

"लावणीची पुस्तकं तेवढी काढा, ताई. वाचनालयात शृंगार नको, असं आमदारसाहेब म्हणालेत," पोतं उघडत कार्यकर्ता म्हणाला.

ग्रंथपाल कुमुदताईंची नजर एका जुन्या पुस्तकावर गेली. गावोगावच्या म्हाताऱ्या गायिकांपुढं बसून कुमुदताईंच्या आईनं गोळा केलेल्या लावण्यांची ही एकच प्रत उरलेली. पण हसऱ्या चेहऱ्यानं त्यांनी शेतीचं कपाट उघडलं आणि भाताच्या लावणीचं पुस्तक पोत्यात टाकलं.

"अहो, हे नको! शेतकरी चिडतील. शेतीच्या कपाटाला हात लावायचा नाही," असं बजावत पुस्तक बाहेर काढून तो चहाला गेला. तेवढ्यात आईच्या लावण्या खतं आणि फवारणीच्या मधोमध जाऊन बसल्या.

"बाकीच्या लावण्या कुठायत?" परत येऊन त्यानं विचारलं.

"सगळ्या शेतीच्या कपाटात, भाऊ."

"मग राहू द्या." रिकामं पोतं झटकत तो निघून गेला.

आठवड्यानं एक शेतकरी शेतीचं समजून नेलेलं आईचं पुस्तक परत करायला आला. कुमुदताई गोऱ्यामोऱ्या झाल्या. तो इकडंतिकडं बघत हळूच म्हणाला, "ताई, ह्याच्यात रोपांचं काय बी नाय. पण पीक लई जोमदार हाय! दुसरा भाग हाय का?"