साहेबांच्या दोन आवृत्त्या

आमच्या साहेबांच्या भाषणाच्या स्लाइड्स मी कोडमध्ये लिहिते. एकाच फाइलमधल्या कुठल्याही ओळीला बजावता येतं, की तू पडद्यावर दिस आणि तू फक्त छापील प्रतीत दिस. ही सोय कळल्यापासून साहेबांना खरं बोलणं अगदीच सोपं झालं होतं.

"पडद्यावर टाक, 'एकाही माणसाची नोकरी जाणार नाही'," काल ते म्हणाले. "आणि संचालकांना वाटायच्या प्रतीत जाणाऱ्या अकरा जणांची यादी. अदलाबदल करू नकोस, बाई!"

यादीत पाचवं नाव गोदामातल्या काकांचं होतं. तेही मी टाइप केलं.

आज सभेत साहेबांनी बटण दाबलं, तशी एकेक ओळ पडद्यावर उमटत गेली. शेवटच्या ओळीला त्यांचा आवाजही भरून आला. सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या त्या काकांनीच. पहिल्या रांगेतले संचालक हातातला कागद वाचून साहेबांकडे बघत माना डोलावत होते.

"एका फाइलमधून दोन आवृत्त्या! कमाल आहे तुझी," खाली उतरताच साहेब माझ्या कानात म्हणाले.

मी मान खाली घालून "थँक्यू सर" म्हटलं.



संचालकांनी आज सकाळीच फोन करून माझ्याकडून तिसरी आवृत्ती छापून घेतली होती, आणि तिच्यात अकरा जणांच्या जागी एकट्या साहेबांचं नाव होतं.