चार बोटं अलीकडे

"पुन्हा उभा राहा," फाइट मास्तर गुरकावले. "आणि हात खाली!"

नवा डुप्लिकेट निमूटपणे गादीवर उभा राहिला. हीरोच्या जागी मार खायचा, एवढंच त्याचं काम. सिनेमा कुंग-फूचा. वेष पालटलेले पोलीस त्यात तस्करांना लोळवतात. मास्तरांना ह्या गोष्टीचं भलतंच हसू यायचं. उड्या झेलायच्या ह्याच गाद्यांच्या पोटात त्यांनी चोरीचं सोनं शिवलं होतं, आणि संध्याकाळी युनिटच्या ट्रकमधून ते बंदरावर जाणार होतं.

पण सकाळीच खबर आली. युनिटमध्ये पोलिसांचा माणूस घुसलाय. कोण, ते माहीत नाही. तो सापडला नाही तर उरलेला जन्म गजाआड. सापडला तर शूटिंगच्या ह्या गोदामामागे पडकी विहीर होतीच.

कोपऱ्यात त्यांचे होणारे जावई हीरोचा फाटका अंगरखा शिवत बसले होते. कपडेपट सांभाळायचे. शेळपट माणूस! पाल दिसली की खुर्चीवर चढणारा. पोरीने हट्ट धरला, नाहीतर मास्तरांनी ह्याला दारातही उभं केलं नसतं.

"बिचाऱ्याला दम तरी खाऊ द्या, मास्तर," जावई पुटपुटले.

"तुम्ही बटणं लावा, जावईबापू. इकडे नाक खुपसू नका."

फायटिंगमध्ये मूठ समोरच्याच्या नाकापासून चार बोटं अलीकडे थांबते. ज्याला मारायचं, तो कधीच अडवत नाही. मूठ थांबणार ह्या भरवशावरच त्याचं पोट चालतं. वर्दीत शिकलेल्याचं उलटं. ठोसा दिसला की त्याचा हात त्याला न विचारताच वर येतो.

"तयार?" मास्तरांनी मूठ फिरवली. ह्या खेपेला थांबवली नाही.

नवा धाडकन गादीवर आडवा झाला. नाकातून रक्ताची धार लागली. हात शेवटपर्यंत खालीच.

"मास्तर, खरंच मारलंत?" तो रडकुंडीला आला. "थांबायचं असतं ना!"

मास्तर खदाखदा हसले. हा तर अस्सल आमच्यातलाच! त्यांचा जीव अर्धा तरी भांड्यात पडला. "जा, बर्फ लाव. आणि बाकीच्यांना पाठव. आज एकेकाची तालीम घेतो."

नवा शिव्या पुटपुटत बाहेर गेला.

"उगाच मारलंत हो," जावई म्हणाले. "गादीलाही रक्त लागलं. अभ्रा उसवून देता का? धुऊन पुन्हा शिवतो."

"गादीला हात लावायचा नाही!"

"डाग तसाच राहील."

"राहू दे!"

"पण मास्तर, ह्या गादीची शिवण आपल्याकडची नाही. कोणी घातली?"

मास्तरांचं डोकंच सटकलं. ह्या शिंप्याने आपल्याला जाब विचारायचा? लग्नाआधीच आहेर देऊन टाकू म्हणत ते दोन ढांगांत कोपऱ्यात पोचले आणि होती नव्हती ती ताकद लावून त्यांनी मूठ हाणली.

जावईबापूंच्या उजव्या हातातली सुई जागची हललीसुद्धा नाही. डावा हात मात्र अंगरख्यावर नव्हता.

मूठ त्यांच्या नाकापासून चार बोटं अलीकडे थांबली होती, आणि मास्तरांनी ती थांबवली नव्हती.